गाडी घेऊन गुहागरला: खाड्या ओलांडत, जुन्या मित्रांच्या ओटीवर

खालचापाट:

नमस्कार मंडळी. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पुण्यात बस्तान आहे, मुलं आपापल्या ठिकाणी, आणि कधीपासून मनात होतं की एकदा ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरपर्यंत जायचं, अजिबात घाई करायची नाही, आणि शाळा-कॉलेजातले जे मित्र अजून तिकडेच राहतात त्यांच्या घरी जाऊन निवांत बसायचं. ते या जानेवारीत केलं. मी आणि बायको, गाडी आमचीच, चालवणारा मीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गणपतीला, शिमग्याला, कुलदैवताला आपण जातोच, पण एकदा सण सोडून, कुणाचं लग्नकार्य नसताना, फक्त मित्रांना भेटायचं म्हणून गावी जा. आणि आत्ता जा. आपल्या गेटटुगेदरचे फोटो ग्रुपवर पडतात त्यात गावातले मित्र कधीच नसतात, कारण कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला वाडी सोडून निघता येत नाही, कुणाच्या घरात आजारपण आहे. ते पुण्या-मुंबईला येणार नाहीत. आपल्यालाच त्यांच्या ओटीवर जायला पाहिजे.

रस्ता असा होता. ताम्हिणीने माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, पहिला मुक्काम हरिहरेश्वरला. मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घातली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. हायवेने चिपळूणवरून गेलो असतो तर एका दिवसात गुहागर गाठता येतं हे माहितीये, पण मग केळशी-आंजर्ले हे रस्त्यावर लागतच नाही. आडे-पाडल्याच्या बाजूला रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की खिडकीतून खारा वारा तोंडावर येतो, तिथे गाडी बाजूला घेऊन आम्ही बराच वेळ नुसते उभे होतो.

आंजर्ल्याला माझा गोगटे कॉलेजातला रूमपार्टनर राहतो. त्याची नारळी-पोफळीची वाडी, त्यात मिरीचे वेल, जायफळाची झाडं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा एका दुपारी उभी वाडी आडवी झाली. हे फोनवर ऐकलं होतं, तेव्हा काय बोलायचं ते न सुचून ‘काळजी घे’ एवढंच बोललो होतो. आता प्रत्यक्ष त्याच्याबरोबर वाडीत फिरलो. वादळ झालं तेव्हा हा माणूस साठीच्या पुढे, मुलगा ठाण्याला, आणि ह्याने पडलेली खोडं तोडून बाजूला केली आणि पुन्हा रोपं लावली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळाला काही वेळा त्याहून जास्त, म्हणजे ती लावताना ह्याने काय हिशोब केला असेल बघा. त्यातल्या काही पोफळींना आता पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. मला दाखवताना तो एका झाडापाशी थांबला, खोडावर तळहात ठेवला, वर बघितलं आणि म्हणाला, ‘ही पहिली.’ मग लगेच शिपण्याकडे वळला कारण पंप चालू होता आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. टाचेने मातीचा बांध फोडायचा, पाणी पुढच्या आळ्यात सोडायचं, आळं भरलं की त्याच टाचेने माती पुन्हा ओढून बंद करायचं, हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, खाली न बघता. कॉलेजात असताना सुट्टीला त्याच्याकडे यायचो तेव्हा हेच काम त्याचे वडील करताना बघितलं होतं.

रात्री कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, नीरफणसाचे काप. मागीलदारी बसून उशिरापर्यंत गप्पा.

हर्णै, दापोली भरभर केलं. दाभोळला पुन्हा फेरीबोट, पलीकडे धोपावे, आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासात गुहागर. व्याडेश्वराच्या देवळापाशी गाडी लावली, दर्शन घेतलं, मग खालच्या पाटाला, म्हणजे गावातल्या आमच्या भागात, चुलतभावाकडे.

गुहागरात तिघांना भेटलो, त्यातल्या दोघांबद्दल लिहितो. एक जण कासवांच्या घरट्यांची राखण करतो. आमच्या लहानपणी कासवाची अंडी उकरून आणायची हे सगळ्या किनाऱ्यावर चालायचं, आम्हीही त्याच गावातली पोरं. तोच आता थंडीत पहाटे काळोखात उठून सुरूच्या बनाच्या कडेने किनाऱ्यावर चालत जातो. मी त्याच्याबरोबर गेलो. ट्रॅक्टरच्या टायरचा असावा तसा माग पाण्यातून वर आलेला आणि थोड्या अंतरावरून परत गेलेला दिसला. तो खाली बसला, हातातली काठी हळूच वाळूत टोचत टोचत गेला, एका जागी काठी सहज आत गेली, तिथे हाताने उकरायला लागला. हातभर खोल गेल्यावर अंडी लागली. एकेक काढून, मोजून, बादलीत वाळू घालून त्यावर ठेवून जाळीच्या कुंपणात नेली, तिथे तेवढाच खोल खड्डा करून पुरली आणि पाटीवर तारीख लिहिली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतील. फेब्रुवारी २०२३ ला ह्याच किनाऱ्यावरच्या दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले होते, गुहा आणि बागेश्री अशी नावं ठेवली, त्यातली बागेश्री दक्षिणेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली. हे सांगताना त्याचा चेहरा घरातली मुलगी परदेशी गेल्याचं सांगताना होतो तसा झाला होता.

दुसरा मित्र ओटीवर असतो. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, वहिनी शेजारी बसून आम्हाला समजावून सांगतात. आमची १९७५ ची, दहावीची पहिली बॅच. मी बसलो, चहा झाला, काय बोलावं कळेना, तर ह्याने हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमच्या वर्गाची हजेरी, नंबराप्रमाणे, एकेक आडनाव घेत. मी सांगायचं, हा नाशिकला, हा गेला, हा अजून मुंबईत पण पत्ता नाही. मधल्या दोन आडनावांना तो अडला, वहिनींना हाताने थांबवलं, डोळे मिटले, आणि स्वतःच आठवून सांगितलं. शेवटपर्यंत पूर्ण केली. वहिनी म्हणाल्या की आजारपणानंतर एवढं सलग बोललेले नव्हते.

तिथून पुढे हेदवी, तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. परत येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट, कराड, पुणे. तुम्ही कुणी असं गेला असाल तर लिहा. कुणाला जायचं असेल तर विचारा, मला जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो.

रिव्हर्सगिअर:

काका, फार छान लिहिलंय, हजेरीचं वाचून ऑफिसात डोळे पुसले. माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांनाही असंच जायचंय आणि ड्रायव्हर नको म्हणतात. घाट, अरुंद रस्ते, बोटीत गाडी चढवणं हे सगळं ह्या वयात जमतं का? आणि पेट्रोल, दवाखाना वगैरे?

खालचापाट:

जमतं, पण काही गोष्टी पाळायला लागतात. माझा गुहागरचा तिसरा मित्र एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर आहे, त्याने जे सांगितलं तेच सांगतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. प्रत्येक आंधळ्या वळणाला हॉर्न, समोरून एसटी आली तर आपण आधी थांबायचं कारण तिला वळायला जागा लागते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, रात्री गुरं रस्त्यावर बसतात आणि समोरच्या गाडीचे हेडलाईट आपल्या वयाला सोसत नाहीत. मी रोज तीन-चार तासांच्या वर चालवलीच नाही. किलोमीटर बघू नका, किनाऱ्याच्या रस्त्याने चाळीस किलोमीटरलासुद्धा दीड-दोन तास जाऊ शकतात.

बोटीत गाडी चढवणं अवघड नाही. बोटीवरची मुलं हाताने दाखवतात तसं सावकाश घ्यायचं. ओहोटी असली की रॅम्पचा उतार जास्त होतो तेव्हा पहिल्या गिअरमध्ये. हँडब्रेक लावा, गाडीतून उतरून कठड्यापाशी उभे रहा, खाडी बघण्यासारखी असते.

टाकी श्रीवर्धनला फुल्ल केली, मग दापोलीला, मग शृंगारतळीला. मध्ये पंप मिळेलच असं धरून चालू नका. औषधं दुप्पट घेऊन जा आणि निम्मी वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि वडिलांना एकटं पाठवू नका, शेजारच्या सीटवर कुणीतरी हवंच, रस्ता बघायला नाही तर बोलायला.

भाऊचाधक्का:

मी तुमच्यापेक्षा मोठा, ऐंशीला टेकलोय. तुम्ही दाभोळची फेरीबोट लिहिलीत आणि मला बोटीचे दिवस आठवले. आम्ही मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचो. बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला जायची. बोट मोठी, ती धक्क्याला लागायची नाही, पाण्यात उभी राहायची आणि बाजूला पडाव, म्हणजे होडी, यायचा. सामान, म्हातारी माणसं, पोरं, सगळं बोटीच्या दारातून पडावात. समुद्र हलत असला की पडाव वर-खाली व्हायचा, खलाशी दोन्ही हात पसरून उभा असायचा आणि बरोबर वेळ साधून ओरडायचा, ‘सोड!’ आणि आई मला सोडायची. मग पडावातून धक्क्यावर, आणि गुहागरच्या लोकांना तिथून परत खाडी ओलांडून वेलदूरला जायला लागायचं. पावसाळ्यात हे सगळं बंद. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली त्यात ज्या घरातलं कुणी गेलं होतं त्या घरातली बायकामाणसं तर नंतर कित्येक वर्षं बोटीत पाय ठेवायला तयार नसत.

नंतर एसटी सगळीकडे पोचली, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, बोटी त्याच्या कितीतरी आधी बंद पडल्या होत्या. आता तुम्ही पाण्यावरून गावी गेलात, मला फार बरं वाटलं.

धोपावेकर:

मी इथलाच, खाडीच्या काठावर राहतो. लेख आवडला पण एक बाजू राहिली ती सांगतो, राग मानू नका. तुम्हा लोकांना फेरीबोट आवडते, आम्हालाही आवडते, ती आली नसती तर आम्हाला दापोलीला जायला अजूनही चिपळूण-खेडला वळसा पडला असता, शंभरेक किलोमीटरचा. पण रात्री बोट बंद होते. मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं, कुणी बाळंतीण अडली, की समोर दाभोळचे दिवे दिसतात आणि जायला रस्ता नाही. सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल व्हायचेत, दाभोळ, जयगड, बाणकोट सगळीकडे, हे ऐकत ऐकत आमचे केस पांढरे झाले. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब तुम्ही बोटीतून बघितलेच असतील. पूल झाला की इथली मजा जाईल असं पाहुणे म्हणतात तेव्हा आम्हाला वाईट वाटतं.

खालचापाट:

राग कसला, अगदी बरोबर बोललात. तो पूल झालाच पाहिजे, माझ्या ओटीवरच्या मित्राला पहिल्या तासांत मोठ्या दवाखान्यात नेता आलं असतं तर कदाचित त्याचा हात वाचला असता असं वहिनी म्हणत होत्या. गुहागरहून चिपळूणला रात्री नेईपर्यंत वेळ गेला. खांब बघितले. बोटीतली माणसं त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती, इतकी सवय झालीये त्यांना. मला बोटीतून जाताना जे वाटतं ते वर्षातून एकदा येणाऱ्याचं वाटणं आहे, रोज राहणाऱ्याची सोय त्याच्या आधी यायला पाहिजे.

डोंबिवलीकरीण:

दादा, तुमचा लेख वाचला आणि दोन दिवस विचार करत होते लिहू की नको. माझं माहेर केळशीचं. तुम्ही मित्रांना भेटलात, पण आमच्या मैत्रिणी कुठे शोधायच्या? तुमचे मित्र गावातच राहिले, घरं तीच, आडनावं तीच. आमच्या वर्गातल्या पाच-सहा मुली, सगळ्यांची लग्नं अठरा-वीसला झाली, कुणी मंडणगडला, कुणी महाडला, कुणी मुंबईला चाळीत, नावंसुद्धा बदलली. माझी एक मैत्रीण होती, आम्ही दोघी शाळेतून येताना तिच्या घराच्या पडवीत बसून आवळे-चिंचा खायचो, चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवात दोघी एकाच रंगाची परकर-पोलकी घालायचो. तिच्या लग्नानंतर एकदा भेटली, मग नाही. तिच्या भावाने घर बंद करून टाकलंय असं कळलं. आमचंही घर बंदच आहे, भावाने कौलं काढून पत्रे टाकलेत, मला तिथे जाऊन बसायचं कुणापाशी?

खालचापाट:

ताई, तुमचा प्रश्न मी बायकोला वाचून दाखवला. तिचं माहेर हेदवीकडचं. ती म्हणते जानेवारीत जाण्याचा हाच फायदा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. ती गुहागरात चुलतजावेबरोबर हळदीकुंकवाला गेली आणि एका संध्याकाळी तिला अशा तीन बायका भेटल्या ज्यांच्या बहिणी, नणंदा, जावा हेदवीच्या निघाल्या. प्रत्येकीकडून एकेक नाव पुढे गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा रत्नागिरीहून फोन आला. रत्नागिरीला गेलो तेव्हा तिच्याकडेच जेवलो. दोघी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेल्या ते अंधार पडला तरी परत येईनात. तर ती म्हणते, पुरुषांना विचारू नका, त्यांना कोण कुठे दिली ते माहिती नसतं. सासुरवाशिणींना विचारा.

पालखी_नाचवणारा:

काका लेख मस्त पण ‘सण सोडून जा’ हे मला नाही पटलं. आमच्याकडे शिमग्याला पालखी घरोघर येते तेव्हा सगळा गाव एकत्र असतो, मुंबईचा, पुण्याचा, दुबईचा सुद्धा. बंद घरं त्या दिवसांत उघडतात. इतर वेळी गेलं तर निम्म्या घरांना कुलूप. मित्र भेटायचेत तर शिमग्यालाच भेटतात ना?

खालचापाट:

शिमगा सोडा असं मी म्हणणारच नाही, पालखी खांद्यावर घेतली आहे मी तरुणपणी. पण शिमग्याला जे भेटतात ते बाहेरून आलेले. गावात राहणारा मित्र त्या दिवसांत कामात बुडालेला असतो, त्याच्या घरात पंधरा पाहुणे, तो आपल्याशी दोन मिनिटं उभ्याउभ्या बोलतो आणि ‘ये रे नंतर’ म्हणून पळतो. गणपतीतही तेच, वर हायवेवर अर्धा दिवस अडकून पोचायचं आणि विसर्जन झालं की निघायचं. ओटीवरच्या मित्राने हजेरी घेतली ती सबंध सकाळ आम्ही मोकळे होतो म्हणून. कुलपं दिसतात हे खरं आहे. आमच्या पाटाला ओळीने बंद घरं बघून बायको गप्प झाली होती.

चिपळूणचा_एक:

एक काम सगळ्यांनी करा. जुन्या मित्रांकडे जाल तेव्हा त्यांच्याकडचे जुने फोटो मोबाईलवर काढून घ्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात तळमजल्यावर पाणी छतापर्यंत होतं, कपाटातले सगळे अल्बम गेले, आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो गेला. नंतर मी नातेवाईक, वर्गमित्र, शेजारी जे जे दुसऱ्या गावात होते त्यांच्याकडे जाऊन ‘आमच्या घरातलं कुणी तुमच्या फोटोत आहे का’ असं विचारत फिरलो. शाळेच्या गॅदरिंगच्या एका फोटोत मागच्या रांगेत बाबा सापडले, पाहुणे म्हणून आलेले. तो आता माझ्या भिंतीवर आहे. फोटो काढताना खिडकीजवळ, सावलीत ठेवून काढा, फ्लॅश लावू नका नाहीतर मध्ये पांढरा डाग येतो. आणि मागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजू पण घ्या, नावं तिथेच असतात.

खालचापाट:

हे मी पुढच्या वेळी नक्की करणार. आंजर्ल्याच्या मित्राकडे कॉलेजच्या ट्रिपचे फोटो होते, आम्ही बघितले आणि परत पिशवीत ठेवले. त्याच्या मुलाला आजच सांगतो.

मालवणचो_झील:

काका, वाचून खूप बरा वाटला. पण तुमी रत्नागिरीसून परत फिरलात ह्या काय बरा नाय केलात. फुडच्या येळाक खाली येवा. पावस, पूर्णगड, आंबोळगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा करीत मालवण. खाड्यांवर पूल झाले हत, बोटीची वाट बघूक नको. एप्रिलच्या शेवटाक ईलात तर आंबो खावक गावतलो, पण गरम पण तितक्याच. माझो बापूस तुमच्याच वयाचो, त्याका बोलूक माणूस व्हयो.

खालचापाट:

येणार, नक्की येणार. बाबांना नमस्कार सांग.

सुरूबन:

दोन प्रश्न. स्वतःच्या घरात राहिलात का? आणि भरती-ओहोटीचं तुम्ही लिहिलंय, ते आधी कसं कळतं? मागे एकदा आम्ही किनाऱ्यावर दुपारी गेलो तर वाळू शिल्लकच नव्हती.

खालचापाट:

आमचं घर सामाईक आहे, सातबारावर इतकी नावं आहेत की सगळ्यांना एका खोलीत बसवायला हॉल घ्यावा लागेल. चुलतभाऊ राहतो म्हणून घर उभं आहे. तो परसातली भाजी माकडांपायी लावायचीच सोडून बसलाय, पण पडवीचे वासे दर उन्हाळ्यात बघतो, कौलं चाळतो. आम्ही भावंडांनी ह्या वेळेला बसून एवढं ठरवलं की दुरुस्तीचे पैसे सगळ्यांनी वाटून द्यायचे, वाटण्यांचं बोलणं नंतर. घर पडलं तर वाटणी कशाची करणार.

भरतीचं वेलदूरच्या एका मासेमारी करणाऱ्या वर्गबंधूने आम्हाला शाळेतच शिकवलं होतं, परवा त्याच्या धक्क्यावर उभं राहून पुन्हा पडताळून बघितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ते भरतीचे वाजलेले. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि मध्ये दुपारी बाराला ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण फिरायला जायचं ठरवायला पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती मोठी चढते आणि दुपारी बाराच्या सुमाराला असते, तुम्हाला वाळू दिसली नाही ती बहुतेक अशाच दिवशी. आणि कृपा करून गाडी वाळूत नेऊ नका. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि पाणी वाढायला लागलं की गावातली माणसं जीव धोक्यात घालून दोर घेऊन धावतात, हे आमच्या लोकांना दर सीझनला करावं लागतं.

आंजर्लेवाला:

खालचापाट काका, मी तुमच्या मित्राच्या शेजारच्या वाडीतला. त्यांना हा लेख मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. ‘ही पहिली’ तिथे आले तेव्हा म्हणाले, ‘ह्याने लक्ष देऊन ऐकलं होतं तर.’ पोय चांगली धरलीये, वानरांनी अजून तरी हात लावलेला नाही.

खालचापाट:

वा! त्याला सांग, सुपारी सोलायला येणार आहे मी. बसायला पाट आणि अडकित्ता ठेव म्हणावं.

केळशीखाडी:

डोंबिवलीकरीण ताई, तुमची पोस्ट आमच्या आत्याला वाचून दाखवली. आत्या केळशीतच दिलेली, गावातली सगळी नाती तिला तोंडपाठ. परकर-पोलक्यांचं ऐकल्यावर तिने लगेच नाव घेतलं. ते इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला निरोपात पाठवलंय, नंबर पण आहे. त्या दापोलीत असतात, मुलाकडे. आत्याने फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं की तुमचे केस अजून लांब आहेत का.

डोंबिवलीकरीण:

काल रात्री तासभर बोललो. माझ्या सुनेने दोनदा येऊन बघितलं की मी रडतेय का हसतेय. तिने मला पहिल्या वाक्यात ओळखलं. आता उत्सवाची गर्दी संपली की चैत्री पौर्णिमेनंतर चार दिवसांनी मुलगा मला घेऊन निघणार, दादांनी सांगितलेल्या रस्त्यानेच, श्रीवर्धनवरून आणि बोटीने. ती दापोलीहून केळशीला येणार आहे. केळशीखाडी, आत्याबाईंना सांगा, आमच्या घरात पाण्याची सोय नाही, आम्ही दोघी तुमच्याच पडवीत बसू चालेल का?

केळशीखाडी:

चालेल काय विचारता, आत्याने आजपासूनच माळ्यावरचा पाट खाली काढून ठेवलाय. जेवायला काय करायचं तेवढं कळवा, दोघींपैकी कुणाला तिखट चालत नसेल तर ते पण. वेसवीला उतरलात की मला फोन करा, वेळासकडून येताना एक फाटा चुकायला होतो, मी बाईक घेऊन पुढे येऊन उभा राहतो.